बुसांगचे सोने: संशय होता, पण चुकीच्या जागी

१/ कॅनडातील कॅल्गरी शहरात एक लहानशी खाण-शोध कंपनी होती. १९९३ साली तिचा समभाग काही सेंटांना मिळत असे. मे १९९६ मध्ये त्याच समभागाने २८६.५० कॅनेडियन डॉलरचा भाव गाठला आणि मे १९९७ मध्ये तो कवडीमोल झाला. या संपूर्ण काळात कंपनीने आपल्या खाणीतून एक ग्रॅम सोनेही काढले नाही. हा थ्रेड 'ब्रे-एक्स मिनरल्स' या कंपनीविषयी, आणि तिच्या निमित्ताने मूल्यांकन व संशय यांच्या नात्याविषयी.

२/ ही कथा बहुधा लोभाची बोधकथा म्हणून सांगितली जाते: काही लबाडांनी फसवले, लोभी लोक फसले, शहाणे दूर राहिले. ही मांडणी सोयीची आहे, कारण ती वाचताना प्रत्येक जण स्वतःला शहाण्यांच्या रांगेत बसवतो. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. फसलेल्यांत निवृत्तिवेतन निधी होते, नामांकित बँका होत्या आणि खाण व्यवसायात आयुष्य घालवलेले जाणकारही होते.

३/ येथे मांडायचा मुद्दा वेगळा आहे. ब्रे-एक्सच्या बाबतीत संशयाचा दुष्काळ नव्हता. संशय भरपूर होता. परंतु तो जवळजवळ सगळा एका चुकीच्या प्रश्नावर खर्च झाला. 'सोने कोणाच्या मालकीचे राहील?' याची चर्चा वर्षभर चालली. 'सोने आहे का?' हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज त्या गदारोळात बुडाला.

४/ प्रथम पार्श्वभूमी. डेव्हिड वॉल्श हा कंपनीचा संस्थापक. १९९३ च्या सुमारास त्याची आर्थिक स्थिती इतकी खालावली होती की वैयक्तिक दिवाळखोरीची वेळ आली होती. त्याच वर्षी तो जकार्ताला गेला आणि जॉन फेल्डरहॉफ या भूवैज्ञानिकाच्या सल्ल्यावरून त्याने बोर्निओ बेटाच्या पूर्व कालिमंतान प्रांतातील 'बुसांग' नावाचा जंगली टापू सुमारे ८० हजार अमेरिकी डॉलरला घेतला.

५/ फेल्डरहॉफ हा कोणी ऐरागैरा नव्हता. १९६८ मध्ये पापुआ न्यू गिनीतील ओक टेडी येथील तांबे-सोन्याच्या प्रचंड साठ्याच्या शोधात त्याचा वाटा होता. प्रत्यक्ष शोधकामाची सूत्रे मायकेल दे गुझमान या फिलिपिनो भूवैज्ञानिकाकडे होती. म्हणजे वॉल्शचे नाव कोणाला ठाऊक नसले, तरी त्याच्या भूवैज्ञानिकाच्या नावामागे खरे कर्तृत्व उभे होते.

६/ आता अशा कंपनीचे मूल्य ठरते कसे, ते पाहू. चालत्या खाणीला उत्पन्न असते, खर्च असतो, ताळेबंद असतो. शोध-कंपनीजवळ यांपैकी काहीच नसते. तिच्याजवळ असतो जमिनीच्या एका तुकड्यावरचा हक्क, काही छिद्रांतून काढलेले खडकाचे लांब दंडगोल आणि त्या खडकात किती सोने आहे हे सांगणारा प्रयोगशाळेचा तक्ता.

७/ या तक्त्यावरून साठ्याचा अंदाज बांधतात. छिद्रे विरळ असतील तर तो 'अनुमानित'. दाट असतील तर 'दर्शित' किंवा 'मापित'. हे झाले संसाधन. ते नफ्यात काढता येईल असे अभियांत्रिकी अभ्यासाने सिद्ध झाल्यावरच त्याला खऱ्या अर्थाने 'राखीव साठा' म्हणतात. अनुमानापासून राखीव साठ्यापर्यंतची वाट वर्षानुवर्षांची असते आणि बहुतेक प्रकल्प त्या वाटेवरच संपतात.

८/ बाजाराला मात्र एवढा धीर नसतो. तो सोपा गुणाकार करतो: जमिनीतील औंस, गुणिले दर औंसामागे काही डॉलर. खाण उभारण्याचा खर्च, लागणारी वर्षे आणि सरकारचा वाटा या साऱ्यांसाठी दुसऱ्या संख्येत वजावट केली जाते. अभ्यासकांचे वाद या दुसऱ्या संख्येवर होतात. पहिली संख्या कंपनीने दिलेली असते आणि ती बहुधा जशीच्या तशी घेतली जाते.

९/ ब्रे-एक्सची पहिली संख्या फुगत गेली. १९९६ च्या आरंभी सुमारे ३ कोटी औंस, त्या वर्षाच्या मध्यास ३.९ कोटी, पुढे ४.७ कोटी, वर्षअखेरीस ५.७ कोटी. फेब्रुवारी १९९७ मध्ये ७.१ कोटी औंस, म्हणजे सुमारे २,२०० टन. फेल्डरहॉफने तर २० कोटी औंसांचा आकडाही उच्चारला.

१०/ १९९६ मध्ये सोन्याचा भाव औंसाला सरासरी ३९० अमेरिकी डॉलरच्या घरात होता. शिखरावर असताना कंपनीचे बाजारमूल्य ६०० कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक झाले. त्या वेळचा जाहीर साठा तीन ते चार कोटी औंस धरला, तर बाजार दर औंसामागे दीडशे ते दोनशे कॅनेडियन डॉलर मोजत होता. तेही जमिनीच्या पोटातील, अनुमानित आणि ज्याच्यासाठी खाणीचा पहिला खड्डाही खणलेला नाही अशा औंसासाठी.

११/ याचा अर्थ एकच होता. बाजार जाहीर झालेल्या साठ्याची किंमत देत नव्हता. पुढच्या घोषणेत येणाऱ्या वाढीचीही किंमत आधीच चुकती करत होता. आणि प्रत्येक वेळी पुढची घोषणा खरोखरच मोठी येई. त्यामुळे महागात घेणारा शहाणा ठरे आणि 'भाव फार झाला' म्हणून विकणारा मूर्ख. सलग दोन-तीन वर्षे असे घडले की सावधपणा हा स्वभावदोष वाटू लागतो.

१२/ 'पेनी स्टॉक' या शब्दाने होणारी एक गफलतही येथे नोंदवायला हवी. समभाग पैशांत मिळतो म्हणून तो स्वस्त ठरत नाही. कंपनीची किंमत म्हणजे एका समभागाचा भाव गुणिले एकूण समभाग. मे १९९६ मध्ये ब्रे-एक्सने एका समभागाचे दहा केले. भाव कागदोपत्री दहापटीने उतरला आणि कंपनी होती तेवढीच राहिली. तरीही 'आता परवडतो' असे म्हणून नवे खरेदीदार आले.

१३/ हे खरेदीदार कोण होते? अल्बर्टातील सेंट पॉल या लहान गावाचे उदाहरण त्या काळी गाजले. तेथील अनेक रहिवाशांनी ओळखीपाळखीतून, अगदी आरंभीच्या काळात समभाग घेतले आणि त्यांतील काही जण कागदावर लक्षाधीश झाले. कोणी वेळीच विकून घर बांधले. कोणी शेवटपर्यंत धरून ठेवले. शेजाऱ्याचे नवे घर हा जो पुरावा असतो, त्यापुढे भूगर्भशास्त्राचा अहवाल फिका पडतो.

१४/ मोठ्या संस्थाही आल्या. एप्रिल १९९६ मध्ये समभाग टोरंटो शेअर बाजारात नोंदला गेला, त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅसडॅकवरही. कोसळल्यानंतर उघड झालेले आकडे बोलके आहेत: ऑन्टारिओच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीला सुमारे १० कोटी कॅनेडियन डॉलरचा फटका बसला, क्यूबेकच्या सार्वजनिक निधीला सुमारे ७ कोटींचा. ज्या शिक्षकांनी बुसांगचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्या म्हातारपणाच्या पैशाचा एक भाग तेथे गुंतला होता.

१५/ आता संशयाकडे वळू. बुसांगची छिद्रे घेताना एक रूढ पद्धत मोडली जात होती. खडकाचा दंडगोल उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा जपून ठेवायचा, हा या व्यवसायाचा नियम. उद्या कोणी शंका घेतली तर तो अर्धा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. ब्रे-एक्स जवळजवळ सगळाच दंडगोल भरडून टाकत असे आणि अगदी छोटे तुकडे मागे ठेवी.

१६/ विचारल्यावर उत्तर तयार होते: 'येथील सोने ठळक कणांत, विषम विखुरलेले आहे, अर्धा नमुना घेतला तर चूक होईल, मोठा नमुना अधिक अचूक.' हे उत्तर निव्वळ थाप नव्हती. विषम सोन्याच्या साठ्यांत नमुना मोठा असावा, हे शास्त्रसंमत आहे. खोटे पचते ते बहुधा अशा खऱ्या वाक्याच्या आडोशाने.

१७/ दुसरी खूण अधिक बोलकी होती. नमुन्यांतील सोन्याच्या कणांच्या कडा गोलसर होत्या. खडकात जन्मलेले सोने सहसा खडबडीत आणि वेडेवाकडे असते. नदीच्या प्रवाहात घासले गेलेले सोने गोलावते. परीक्षकांच्या अहवालात या गोल कणांची नोंद होती. गुरुत्वाच्या साध्या पद्धतीने सोने वेगळे होण्याचे प्रमाणही आश्चर्य वाटावे इतके चांगले होते. ही चिंतेची बाब ठरायला हवी होती; तिची शुभवार्ता झाली.

१८/ तिसरी खूण: जानेवारी १९९७ मध्ये बुसांगच्या तळावर आग लागली आणि शोधकामाच्या नोंदी जळाल्या. ही घटना नेमकी अशा वेळी घडली, की बाहेरची कंपनी तपासणीसाठी येण्याच्या बेतात होती. जंगलातील लाकडी बांधकामाला आग लागणे अशक्य नाही. सुटी पाहिली तर प्रत्येक खूण समजावून सांगता येत होती. तिन्ही एकत्र ठेवून पाहण्याचे काम कोणाच्याच पदरी नव्हते.

१९/ हा शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. प्रयोगशाळा म्हणे, आमच्याकडे आलेल्या नमुन्यात सोने आहे. ते खरे होते. अभियांत्रिकी सल्लागार म्हणत, दिलेल्या आकड्यांवरून साठ्याचे गणित असे येते. तेही खरे होते. दलाली पेढ्या सल्लागारांच्या गणितावर विसंबल्या, निधी दलालांवर आणि सामान्य गुंतवणूकदार निधींवर. साखळीतील प्रत्येक कडी आपल्यापुरती प्रामाणिक असू शकत होती. ड्रिलपासून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवर काय घडते, ते मात्र कोणीच पाहत नव्हते.

२०/ मग १९९६ च्या उत्तरार्धात संशय गेला कोठे? तो जकार्ताला गेला. इंडोनेशियात सुहार्तो यांची राजवट होती. शोधाचा परवाना एक गोष्ट, खाण चालवण्याचा करार दुसरी. एवढे सोने परक्या, अननुभवी कंपनीच्या हाती राहू देतील का, असा रास्त प्रश्न उपस्थित झाला. येथून पुढे सगळे जग या एका प्रश्नात गुंतले.

२१/ कॅनडाची बलाढ्य बॅरिक गोल्ड पुढे सरसावली. तिच्या सल्लागार मंडळात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज बुश होते आणि कॅनडाचे माजी पंतप्रधान ब्रायन मल्रोनीही. बॅरिकने सुहार्तो यांच्या कन्येशी संधान बांधले. ब्रे-एक्सने त्यांच्या पुत्राशी. नोव्हेंबर १९९६ मध्ये सरकारने सुचवले की बॅरिकने ७५ टक्के घ्यावे, ब्रे-एक्सने २५. मग प्लेसर डोम ही दुसरी मोठी कंपनी स्पर्धेत उतरली.

२२/ शेवटी सुहार्तो यांचे निकटवर्ती उद्योगपती बॉब हसन यांनी मध्यस्थी केली. फेब्रुवारी १९९७ च्या करारात ब्रे-एक्सला ४५ टक्के, अमेरिकेच्या फ्रीपोर्ट-मॅकमोरानला १५ आणि उरलेले ४० टक्के हसन यांच्या कंपन्या व इंडोनेशियन सरकार यांना अशी वाटणी झाली. वर्तमानपत्रांतील संशयाचे सगळे रकाने या वाटणीने व्यापले होते.

२३/ त्यामागचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. 'एवढे मोठे लोक भांडत आहेत, म्हणजे सोने असलेच पाहिजे.' हिस्सा कमी झाल्याची बातमी आली की भाव घसरे, वाढल्याची आली की चढे. पण वाटणीचे भांडण हे वाटण्याजोग्या वस्तूच्या अस्तित्वाचे प्रमाणपत्र मानले गेले. राजकारणाविषयीचा सावधपणा दाखवून प्रत्येक अभ्यासकाला आपण कठोर परीक्षण केल्याचे समाधान मिळाले, आणि पहिली संख्या तशीच अस्पर्श राहिली.

२४/ मार्च १९९७ मध्ये कॅनडाच्या खाण-शोधकांच्या संघटनेने फेल्डरहॉफला वर्षातील सर्वोत्तम शोधकाचा सन्मान दिला. त्याच सुमारास बुसांगमध्ये फ्रीपोर्टचे पथक एक अगदी साधे काम करत होते. ब्रे-एक्सच्या छिद्रांच्या लगत त्यांनी स्वतःची छिद्रे घेतली आणि नमुने स्वतःच्या ताब्यात ठेवून तपासले. सोने नगण्य निघाले.

२५/ १९ मार्च १९९७ रोजी बुसांगकडे निघालेल्या हेलिकॉप्टरमधून पडून दे गुझमानचा मृत्यू झाला. तेथील अधिकाऱ्यांनी ती आत्महत्या ठरवली. त्याविषयी नाना तर्कवितर्क आजही चालतात. या थ्रेडच्या मुद्द्याशी त्यांचा संबंध नाही. २६ मार्चला फ्रीपोर्टचे निष्कर्ष जाहीर झाले. व्यवहार पुन्हा खुले होताच भाव ८० टक्क्यांहून अधिक कोसळला आणि विक्रीच्या ओघाखाली टोरंटो बाजाराची संगणक यंत्रणाच बंद पडली.

२६/ मेच्या आरंभी 'स्ट्रॅथकोना' या स्वतंत्र सल्लागार कंपनीचा अहवाल आला. नमुन्यांत झालेली भेसळ खाणकामाच्या इतिहासात आजवर कोठे ऐकिवात नसलेल्या प्रमाणावर होती, असा त्याचा आशय होता. हजारो नमुन्यांत, वर्षानुवर्षे, बाहेरचे सोने मोजून-मापून मिसळले गेले होते. गोल कणांचे कोडे सुटले: ते नदीतील सोने होते.

२७/ पुढे काय झाले? नोव्हेंबर १९९७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. वॉल्श १९९८ मध्ये वारला. कॅनडाच्या पोलिसांनी १९९९ मध्ये कोणावरही फौजदारी आरोप न ठेवता तपास बंद केला. पडझडीपूर्वी फेल्डरहॉफने सुमारे ८.४ कोटी कॅनेडियन डॉलरचे समभाग विकले होते. ऑन्टारिओच्या नियामकाने त्याच्यावर खटला भरला. २००७ मध्ये तो निर्दोष सुटला. इतिहासातील या प्रचंड खाण-घोटाळ्यासाठी कोणीही तुरुंगात गेले नाही.

२८/ येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो. 'नंतरचे शहाणपण स्वस्त असते. सगळ्याच शोध-कंपन्यांवर संशय घेतला तर खरे शोध हातचे जातील.' हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला त्याच काळातले, त्याच देशातले उदाहरण आहे.

२९/ १९९३ मध्ये दोन शोधकांना कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर व्हॉइसीज बे येथे निकेलचा साठा सापडला. 'डायमंड फील्ड्स' ही त्यामागची छोटी कंपनी मुळात हिऱ्यांच्या शोधात होती. तिचाही समभाग आकाशाला भिडला, तिच्याविषयीही पुष्कळांनी नाके मुरडली. १९९६ मध्ये इन्को या निकेल कंपनीने ती सुमारे ४३० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतली. तेथे निकेल खरोखर होते. पुढे खाण उभी राहिली आणि ती चालली.

३०/ ब्रे-एक्सवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे ताजे उदाहरण होते. म्हणून त्यांना केवळ लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. तसेच, 'सगळे पेनी स्टॉक म्हणजे जुगार' असे म्हणत दूर राहिलेल्यांना द्रष्टे म्हणणेही चुकीचे. त्यांनी बुसांग नाकारले आणि व्हॉइसीज बेही नाकारले. त्यांच्याजवळ या दोहोंत फरक करणारी कसोटी नव्हती. सवयीचा नकार होता.

३१/ दोहोंतला फरक भावाच्या आलेखात दिसत नव्हता, प्रवर्तकांच्या चेहऱ्यांवर दिसत नव्हता आणि चाहत्यांच्या उत्साहातही दिसत नव्हता. तो जेथे दिसू शकत होता ती जागा एकच: परक्या हाताने घेतलेले, परक्या ताब्यात राहिलेले छिद्र. बुसांगमध्ये हे पहिल्यांदा घडले तेव्हा शोधाला तीन वर्षे उलटून गेली होती, आणि त्या एका तपासणीने सारे स्पष्ट केले.

३२/ तपासणी इतकी साधी होती, तर ती उशिरा का झाली? कारण ती कोणाच्याच हिताची नव्हती. प्रवर्तकाला ती नको होती. दलाली पेढीला व्यवहारांतून उत्पन्न मिळत होते. निधी-व्यवस्थापकाला भीती होती, की शेजारच्या निधीकडे हा समभाग आहे आणि आपल्याकडे नाही. चढत्या भावात प्रश्न विचारणाऱ्याला दर महिन्याला पराभव पत्करावा लागतो. शंका फुकट नसते. तिची किंमत मोजणारा कोणीतरी लागतो.

३३/ कॅनडाने यातून घेतलेला धडा म्हणूनच महत्त्वाचा आहे. २००१ मध्ये तेथे लागू झालेल्या नियमांनुसार साठ्याविषयीचे जाहीर दावे 'पात्र व्यक्ती'च्या जबाबदारीवर करावे लागतात; नमुन्यांची निगा आणि पडताळणी कशी केली हे सांगावे लागते; अनेक प्रसंगी ही व्यक्ती कंपनीपासून स्वतंत्र असावी लागते. या नियमांनी लोभ संपवला नाही. त्यांनी शंकेला एक नाव, एक सही आणि एक कायदेशीर जागा दिली.

३४/ आज चिल्लर भावाच्या खाण-समभागांची चर्चा सर्वत्र चालते. एक बाजू औंस आणि डॉलर यांचा गुणाकार करून भाव 'दहापट' होणार म्हणते. दुसरी बाजू प्रवर्तकांची टर उडवते. दोन्ही बाजू बहुधा त्याच एका तक्त्याकडे बोट दाखवत असतात आणि तो तक्ता कोणाच्या हातून आला, हे दोघींनीही विचारलेले नसते.

३५/ बुसांगची शिकवण संशयवादी होण्याची नाही. तेथे संशयवादी पुष्कळ होते. ती संशयाची जागा निवडण्याची आहे. दावा ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती कोणती, ती कोणी पाहिली, आणि पाहणाऱ्याचे पोट कशावर भरते, हे तीन प्रश्न भावाच्या आधी विचारायचे असतात. १९९६ मध्ये ते विचारले असते, तर ऑन्टारिओच्या शिक्षकांचे १० कोटी डॉलर वाचले असते.

(समाप्त)